दुसरा लेख कुठाय?



विद्यार्थ्यांचं मासिक कशाला पाहिजे, हा सवाल दोन्ही बाजूंनी येतो. प्रस्थापित समीक्षक विचारतो, कारण पोरांच्या लिखाणात त्याला साहित्यमूल्य दिसत नाही. आपला कार्यकर्ता विचारतो, कारण त्यात त्याला चळवळ दिसत नाही. एकाला ते कच्चं वाटतं, दुसऱ्याला रिकामटेकड्यांचा उद्योग. दोघांनाही एकच उत्तर द्यायचं तर ते पुण्यात सापडतं, आणि त्याचं साल आहे १८५५.

त्या साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या 'ज्ञानोदया'त एक निबंध दोन हप्त्यांत छापून आला. विषय मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंगाची लेक, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. वय चौदाएक वर्षं. शाळेत जाऊन तीन वर्षं झालेली. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि आम्ही ते बघायचेही नसतील, तर मग आमचा धर्म कोणता, हा सवाल ह्या पोरीनं उभा केला. पेशवाईत आपल्या माणसांची काय गत केली ते सांगितलं. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीचे हाल सांगितले. आणि शेवटी आपल्याच माणसांना बजावलं की शिका. हे लिहायला तिला कुणाचं साहित्यमूल्य लागलं नाही. तिच्याकडं अनुभव होता, तीन वर्षांचं शिक्षण होतं, आणि सवाल करायची छाती होती.

पण नुसत्या छातीवर काही टिकत नाही. मुक्तासारखं बोलणाऱ्या त्या काळात आणखीही असतील. विहिरीवर बोलल्या असतील, जात्यावर बोलल्या असतील. त्यांचं बोलणं वाऱ्यावर गेलं. मुक्ताचं उरलं, कारण ते छापलं गेलं. पावणेदोनशे वर्षं होत आली तरी ते आपल्या हातात आहे. एवढ्यावर लोक थांबतात, टाळ्या वाजवतात, जयंतीच्या बॅनरवर मुक्ताचं नाव घालतात.

मला पुढं विचारायचंय. मुक्ताचा दुसरा लेख कुठाय?

नाही. दुसरा लेख नाही. चौदाव्या वर्षी धर्माला जाब विचारणारी ही बाई पंचविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी काय म्हणाली, ते मराठी भाषेच्या दप्तरात नाही. एक निबंध, दोन हप्ते, आणि पुढं सगळं कोरं.

हे असं का झालं? 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचं. त्यांनी निबंध छापला, ते चांगलंच केलं. दुसऱ्या कुणी छापला असता असं वाटत नाही. पण ते मुक्ताचं पत्र नव्हतं. तिथं ती पाहुणी होती. खालच्यातल्या खालच्या जातीची पोरगीसुद्धा शिकवली तर कशी लिहिते बघा, ह्याचा ती नमुना होती. नमुना एकदाच लागतो. नमुन्याकडं दुसरा लेख कुणी मागत नाही. दुसरा लेख लेखकाकडं मागतात.

म्हणून माझं म्हणणं असं की विद्यार्थ्यांच्या मासिकाची किंमत त्यातल्या पहिल्या लेखावर ठरत नाही. पहिला लेख अपघातानं येतो. मास्तर चांगला भेटला, निबंधस्पर्धा निघाली, पेपरवाल्याला जयंतीच्या दिवशी 'वंचितांचा आवाज' हवा होता, की आला. दुसरा लेख अपघातानं येत नाही. त्याला जागा लागते, वेळ लागतो, आणि 'पुढं काय?' असं विचारणारं एक माणूस लागतं. ही तिन्ही जिथं एका ठिकाणी मिळतात ते विद्यार्थ्यांचं मासिक. बाकीचं सगळं कागद खराब करणं.

०

ह्या मापानं आधी कॉलेजचे वार्षिकांक मोजू. अनेक कॉलेजांत फीच्या पावतीवर नियतकालिकाची फी वेगळी लावलेली असते. म्हणजे अंक पोरांच्या पैशाचा. आता तो अंक उघडा. पहिल्या पानावर संस्थेचे अध्यक्ष. दुसऱ्यावर सचिव. मग प्राचार्यांचं मनोगत. मग स्नेहसंमेलनाचे फोटो, फेटे बांधलेले. मग राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल, त्यात खेडेगावात जाऊन झाडलेला रस्ता. ज्या वस्तीतनं आपण आलो ती वस्ती ह्या अहवालात 'दत्तक गाव' म्हणून येते. मग आई, पाऊस, मैत्री, मोबाईल शाप की वरदान. विद्यार्थी संपादक म्हणून एका पोराचं नाव असतं, पण कुठला लेख आत आणि कुठला बाहेर हे तो ठरवत नाही. 'शब्द जरा सौम्य करा' म्हणून कविता परत येते. सौम्य केली की ती आई-पाऊस-मैत्रीच्या रांगेत जाऊन बसते.

पण ह्या अंकाचा खरा दोष वेगळाच आहे. तो वर्षातनं एकदा निघतो. पोरगं एफ.वाय.ला एक कविता देतं, अंक हातात येईतो ते एस.वाय.ला गेलेलं असतं. त्या कवितेवर कुणी बोललं नाही, कुणी भांडलं नाही, कुणी दुसरी मागितली नाही. तीन वर्षांत फार तर तीन कविता, आणि तिन्ही पहिल्याच. असल्या अंकातनं लेखक निघत नाही. निघालाच तर तो अंकाला न जुमानता निघतो.

०

आता दुसरं उदाहरण घेऊ. जरा लांबचं आहे, पण आपल्या नात्यातलं.

अमेरिकेत वॉशिंग्टनला हॉवर्ड नावाचं विद्यापीठ आहे. १८६७ साली, गुलामी संपल्यावर दोनच वर्षांत निघालेलं. काळ्यांची पोरं शिकावीत म्हणून. तिथं १९१६ साली ॲलन लॉक आणि माँटगोमेरी ग्रेगरी ह्या दोन प्राध्यापकांनी पोरांचं एक साहित्य मंडळ काढलं आणि त्याचं मासिक काढलं. नाव 'स्टायलस'. स्टायलस म्हणजे कोरायची लेखणी. आपण स्टेन्सिलवर अक्षरं कोरतो त्या सळईलाही स्टायलसच म्हणतात.

ह्या मासिकात १९२१ च्या मे महिन्यात एका विद्यार्थिनीची पहिली कथा आली. तिचं नाव झोरा नील हर्स्टन. फ्लोरिडातल्या काळ्यांच्या गावातनं आलेली. केशकर्तनालयात गोऱ्या गिऱ्हाइकांची नखं घासून शिक्षणाचा खर्च भागवणारी. कथा समुद्रावर जाऊ पाहणाऱ्या एका पोराची होती, जॉन रेडिंग त्याचं नाव. कथा थोर नाही. तिच्या पुढच्या लिखाणाशेजारी ठेवली तर कच्चीच म्हणावी लागेल. म्हणजे प्रस्थापित समीक्षकाचं म्हणणं खरं झालं!

पण पुढं काय झालं ते बघा. न्यूयॉर्कला 'अपॉर्च्युनिटी' नावाचं काळ्यांचं मासिक होतं, चार्ल्स जॉन्सन त्याचा संपादक. लॉकमुळं ह्या पोरीचं नाव त्याच्यापर्यंत गेलं. त्यानं तिच्याकडं कथा मागितली. मागितली, हे ध्यानात ठेवा. १९२४ च्या डिसेंबरात 'अपॉर्च्युनिटी'त तिची कथा आली. त्याच साली हॉवर्डमध्ये विद्यार्थ्यांचं 'हिलटॉप' हे वर्तमानपत्र निघालं, ते काढणाऱ्यांतही ती होती. १९३७ ला तिची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. काळ्या बाईचं आयुष्य काळ्या बाईच्या बोलीत सांगणारी ही कादंबरी आज जगभर शिकवतात. कच्च्या कथेपासून ह्या कादंबरीपर्यंत सोळा वर्षं गेली. विद्यार्थ्यांच्या मासिकानं तिला कादंबरी दिली नाही. पहिली पायरी दिली, आणि दुसरी पायरी दाखवणारी माणसं दिली. मुक्ताला नेमकी हीच मिळाली नाहीत.

आणि ह्यात भाबडेपणा नको. हर्स्टन १९६० साली गरिबीत मेली. तिच्या कबरीवर साधा दगड नव्हता. १९७३ ला ॲलिस वॉकर ह्या लेखिकेनं गवतातनं ती जागा हुडकून काढली आणि दगड बसवला. मासिक पोट भरत नाही. मासिक न्याय देत नाही. पण मागून येणारीला कबर हुडकायची बुद्धी झाली ती छापलेला शब्द उरला होता म्हणून.

ह्याच पोरांनी १९२६ ला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 'फायर' नावाचं एक अनियतकालिक काढलं. संपादक वॉलेस थर्मन. लिहिणाऱ्यांत लँग्स्टन ह्यूज, हर्स्टन. मुखपृष्ठ ॲरन डग्लस ह्या चित्रकाराचं. शब्द आणि चित्र एकाच जिवाच्या करारानं बांधलेले. आपल्यातल्याच शहाण्यासुरत्या वडीलधाऱ्यांना न विचारता काढलेला अंक. वडीलधाऱ्यांना तो आवडला नाही. गोऱ्यांसमोर आपली घाण कशाला दाखवता, असा सूर निघाला. (ओळखीचा वाटतो ना?) अंक एकच निघाला. छपाईचं देणं थर्मन पुढं कित्येक दिवस पगारातनं फेडत राहिला. न खपलेले अंक तळघरात ठेवले होते ते आग लागून जळाले. 'फायर'चे अंक आगीतच गेले!

मग तो अंक फुकट गेला का? नाही. त्यातल्या लिहिणाऱ्यांचा तो पहिला लेख नव्हता. त्यांचं मागं काही होतं, पुढं काही होतं. एक अंक बुडाला तरी माणसं बुडाली नाहीत. अंक बंद पडणं हे मरण नव्हे. लिहिणाऱ्याला पुढं कुठंच जागा नसणं हे मरण.

०

१९१६ हे साल आपल्यालाही लागतं. त्या साली ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्यानं निबंध वाचला. विद्यार्थ्याचं वय पंचवीस. विषय भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. पुढच्या वर्षी, १९१७ च्या मे महिन्यात, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. ते विद्यार्थ्यांचं मासिक नव्हतं, पण लेख विद्यार्थ्याचाच होता. बाबासाहेब तेव्हा डॉक्टर व्हायचे होते.

त्या निबंधातला विचार पुढं वीस वर्षं वाढत गेला. १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांचं भाषण ऐकायच्या आधीच रद्द केलं, तेव्हा ते त्यांनी स्वतः छापलं. दीड हजार प्रती. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. पहिला निबंध ते हे पुस्तक, ह्या वीस वर्षांत मध्ये काय होतं? तर पत्रं होती. १९२० च्या ३१ जानेवारीला 'मूकनायक'. १९२७ च्या ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'. १९३० ला 'जनता'. 'बहिष्कृत भारता'त लिहायला माणसं मिळेनात तेव्हा त्यांनी चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं भरले. बॅरिस्टर माणूस, कोर्ट सांभाळून, रात्री रकाने भरतोय. दुसऱ्याच्या दारात पाहुणा म्हणून लेख ठेवून भागत नाही, आपली जागा आपणच बांधावी लागते, हे त्या माणसाला पुरतं कळलं होतं.

आणि जागा बांधायची म्हणूनच १९५० ला औरंगाबादेत कॉलेज आलं, ज्याचं नाव पुढं मिलिंद झालं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातनं नुकता सुटलेला. खेड्यातनं पोरं आली, घरात पहिल्यांदा पुस्तक आणणारी. मिलिंद राजानं नागसेनाला सवाल केले म्हणून त्याचं नाव कॉलेजला दिलं. ज्यानं उत्तरं दिली त्याचं नाव परिसराला, नागसेनवन. सवाल विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला देणारा संस्थापक दुसरा दाखवा! प्राचार्य म. भि. चिटणीसांनी तिथं 'युगयात्रा' नाटक लिहिलं, पोरांनी ते केलं. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी काळ्या लेखकांचं लिखाण आपल्या पोरांपुढं ठेवलं. आणि १९६७ ला तिथनं 'अस्मिता' निघालं, १९६८ पासून 'अस्मितादर्श' म्हणून गंगाधर पानतावण्यांनी ते चालवलं.

इथं काटेकोर बोललं पाहिजे. 'अस्मितादर्श' हे पोरांनी काढलेलं मासिक नव्हे. ते प्राध्यापकांनी काढलं. पण ते कॉलेजच्या मातीतनं आलं, पोरं हेच त्याचे पहिले वाचक आणि पोरांतूनच त्याचे लेखक. 'आठवणींचे पक्षी' लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे मिलिंदचेच विद्यार्थी. पानतावण्यांनी नुसते लेख छापले नाहीत. त्यांनी लेखक-वाचक मेळावे भरवले. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला ज्यानं वाचलं त्याच्यासमोर उभं केलं. गावातनं आलेल्या नव्या कवीला कळलं की आपली कविता कुणी तरी वाचली, आणि तो समोर बसलाय. असं झालं की दुसरी कविता आपोआप येते. २०१८ च्या मार्चमध्ये पानतावणे गेले तोवर पन्नास वर्षं झाली होती. पन्नास वर्षं एक माणूस 'पुढं काय?' असं विचारत राहिला. दलित साहित्याच्या इतिहासात आपण पुस्तकांची नावं पाठ करतो. 'पुढं काय?' विचारणाऱ्याचंही नाव घ्यायला शिकलं पाहिजे.

मुंबईकडं रीत वेगळी होती. १९६९ ला तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली. ती गाजली. पण होळी करणारे स्वतः अनियतकालिकं काढत होते, स्टेन्सिलची शाई त्यांच्या बोटांना होती, म्हणून त्या होळीला अर्थ होता. ज्यानं स्वतः एक पानही काढलं नाही त्यानं दुसऱ्याचं मासिक जाळलं तर ती नुसती शेकोटी.

०

आता कार्यकर्त्याचा सवाल. मोर्चा सोडून मासिक कशाला?

त्याला माझा उलटा सवाल. मित्रा, तुझ्या विद्यार्थी संघटनेचं वय किती? कॉलेजातलं पोरगं तीन वर्षं असतं, फार तर पाच. दर तीन वर्षांनी संघटनेतली सगळी माणसं बदलतात. ज्यानं मागच्या वेळी हॉस्टेलसाठी उपोषण केलं तो नोकरीला लागला. वाटाघाटीत प्राचार्य काय कबूल झाले होते, स्कॉलरशिप कुणी अडवली होती, कुठला अर्ज कुठं दिला होता, हे सगळं त्याच्याबरोबर गेलं. नवं पोरगं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. प्रशासनाला हे पक्कं ठाऊक असतं. ते नुसतं थांबतं. तीन वर्षं थांबलं की चळवळ आपोआप पदवी घेऊन बाहेर जाते.

नामांतराचं घ्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. कॉलेजच्या हिशेबानं पोरांच्या पाच पिढ्या. मध्ये घरं जळाली, माणसं मेली, लाँग मार्च निघाला. ह्या पाच पिढ्यांनी एकमेकींच्या हातात लढा दिला तो भाषणानं, गाण्यानं आणि कागदानं. भाषण सभेबरोबर संपतं. गाणं उरतं, पण गाण्यात तारीख, अर्ज आणि आश्वासन मावत नाही. ते कागदातच मावतं. मासिक म्हणजे विद्यार्थी चळवळीची स्मरणशक्ती. ज्या चळवळीला स्मरण नाही तिला दर तीन वर्षांनी नव्यानं फसवता येतं.

आणि कविता-कथा-चित्रांचं काय? अर्ज आणि तारखा छापा, कविता कशाला? अर्जात 'अन्याय' एवढाच शब्द असतो. मेसमध्ये कुणी ताट लांबनं ढकललं, व्हायव्हात आडनाव ऐकून परीक्षक कसा हसला, पहिल्यांदा इंग्रजीत नापास झाल्याचं घरी सांगताना बापानं काय केलं, हे अर्जात येत नाही. आणि ते कुठं आलंच नाही तर पोरगं समजतं की हे फक्त माझ्याच वाट्याला आलं, माझ्यातच खोट आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचलं की कळतं, खोट माझ्यात नाही. हे कळणं हेच संघटनेचं पहिलं सभासदत्व. वर्गणी मागनं.

२०१६ च्या १७ जानेवारीला हैदराबादला रोहित वेमुला गेला. हॉस्टेलमधनं काढलेल्या पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांतला तो एक. मागं पत्र ठेवून गेला. त्या पत्रातनं देशाला कळलं की ह्या पोराला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं, लेखक व्हायचं होतं. मासिक असतं तर तो वाचला असता, असं म्हणणं खोटं आणि हलकं होईल. त्याचं मरण व्यवस्थेच्या खात्यावर आहे, आपण ते कुठल्या अंकाच्या खात्यावर टाकू नये. तो फेसबुकवर लिहीत होता, संघटनेत होता, एकटा नव्हता. पण देश त्याचा वाचक झाला तो त्याच्या शेवटच्या पानापासून, हे विसरता येत नाही. आपल्या पोराचं लिखाण वाचायला त्याच्या मरणाची वाट बघणारा समाज, आणि वाट न बघता पहिल्या कच्च्या लेखाला 'दुसरा दे' म्हणणारं मासिक, ह्या दोघांतला फरक ज्याला कळला त्याला विद्यार्थ्यांच्या मासिकाची किंमत वेगळी सांगायला नको.

०

आता आपल्याकडं वळू. दुसऱ्याचे वार्षिकांक झोडपणं सोपं. आपली अनियतकालिकं ह्या मापाला उतरतात का?

आपल्याही पहिल्या पानावर फोटो असतो. अध्यक्ष-सचिवाचा नसेल, तर ज्यानं कागदाचे पैसे दिले त्या भाऊंचा. आपल्याही कविता एकमेकींसारख्या दिसायला लागल्यात. सूर्य, वादळ, ठिणगी, निळं आभाळ. एकेकाळी ह्या शब्दांना चटका होता. आता ते सरकारी कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकालाही पाठ आहेत. नामदेव ढसाळांनी १९७२ ला 'गोलपिठा'त जी भाषा आणली ती त्यांच्या वस्तीची, त्यांच्या अंगाची. तिची नक्कल करून शिव्या घातल्या की विद्रोह होत नाही. तुझ्या गल्लीत आज कुठली भाषा चालते? डिलिव्हरीची पिशवी पाठीवर टाकून हिंडणारं पोरगं, कॉल सेंटरला नाव बदलून बोलणारी पोरगी, स्पर्धा परीक्षेच्या रूममध्ये सहावं वर्ष काढणारा भाऊ, ह्यांची भाषा कुठाय?

ही नक्कल थांबवायचं काम संपादकाचं. पण आपला संपादक घाबरतो. आपलाच माणूस, कशाला दुखवा, म्हणून आलं ते छापतो. ही माया नव्हे. हे दुर्लक्षच, फक्त गोड. लेख न वाचता छापणं आणि न वाचता फेकणं ह्यात लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं काही फरक नाही. दोन्हीत त्याला कुणी वाचलं नाही. 'ही ओळ तुझी नाही, ढसाळांची आहे, तुझी आण' असं तोंडावर सांगणारा संपादक हाच पोराचा खरा दोस्त.

आणखी एक टोचणारी गोष्ट. मुक्ता मातंगाची. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या दुःखाचा पहिला निबंध मातंगाच्या पोरीनं लिहिला, आणि त्यात तिनं मांग आणि महार दोघांचं दुःख एका दमात मांडलं. आपल्या अंकात आज मातंगाची पोरं किती? ढोर, चांभार, भटके-विमुक्त, आदिवासी किती? आणि पोरी? पोरींना आपण वाङ्मय मंडळात रांगोळी आणि सूत्रसंचालन देतो, संपादकीय देत नाही. कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' १९८१ ला आलं, बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ ला पुस्तक झालं, ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ ला. ह्या बायांनी जागा मागून घेतली नाही, रेटून घेतली. अजूनही पोरींनी रेटतच राहायचं असेल, तर आपलं मासिक आणि संस्थेचा वार्षिकांक ह्यात फरक फक्त कागदाच्या रंगाचा.

कुणी म्हणेल, आता हातात मोबाईल आहे, मासिकाची गरजच काय? लिही आणि टाक. खरंय. मोबाईलनं पहिला लेख सोपा केला. इतका सोपा की पहिल्या लेखांचा पूर आलाय. पण स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं. पोस्टला अंगठा मिळतो, सवाल मिळत नाही. अंगठा वर आला म्हणजे वाचलं असं नव्हे. (आपल्या आज्याचा अंगठा सावकाराच्या कागदावर असायचा, तोही न वाचताच.) कागद पवित्र आहे असं माझं म्हणणं नाही. स्टेन्सिल काढा, झेरॉक्स काढा, पीडीएफ काढा. पण अंकाला क्रमांक पाहिजे, तारीख पाहिजे, वाचून भांडणारा संपादक पाहिजे, आणि पुढचा अंक पाहिजे. हे असलं की मोबाईलवरचंही मासिकच. नसलं तर आर्ट पेपरवरचंही स्टेटसच.

०

तर करायचं काय? ठराव नकोत, कामं सांगतो.

अंकातली निम्मी पानं दुसऱ्यांदा लिहिणाऱ्यांसाठी ठेवा. नवा आला की आनंद करा, पण मागच्या अंकातल्या प्रत्येकाच्या खोलीवर जा आणि विचारा, पुढं काय?

परत पाठवलेल्या लेखाबरोबर कारण लिहून पाठवा. दोन ओळी का होईना, पण हातानं. 'साभार परत' हा शब्द आपल्या बापजाद्यांनी फार पचवलाय, तो आपण वापरू नये.

एक अंक सोडून एका अंकाची संपादक पोरगी असू द्या, आणि तिनं काय घ्यायचं ते तिला ठरवू द्या.

चित्र काढणाऱ्याला कोपऱ्यातली नक्षी काढायला बसवू नका. त्याला पूर्ण पान द्या. बॅनर रंगवणारी, भिंतीवर घोषणा काढणारी आपली पोरं चित्रकारच आहेत, त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही.

शेवटच्या पानावर पैशाचा हिशेब छापा. कागद किती, शाई किती, कुणी किती दिले. आपले पैसे असले की पहिल्या पानावरचा भाऊंचा फोटो आपोआप जातो.

आणि प्रत्येक अंकाच्या दोन प्रती बाजूला काढा. एक गावच्या वाचनालयात, एक लोखंडी पेटीत. पेटी कुणाकडं आहे ते पुढच्या बॅचला सांगून मगच कॉलेज सोडा.

मुक्ताचा पहिला लेख दुसऱ्याच्या पत्रात छापला गेला म्हणून उरला. दुसरा उरला नाही, कारण आपलं पत्र नव्हतं. आता आपलं आहे. ह्या अंकात ज्यांनी पहिल्यांदा लिहिलंय त्यांनी पुढच्या अंकाची तारीख लिहून घ्यावी. नाही आलात तर आम्ही दारात येऊ.